भिंगरीच्या तोंडाचा वास

१

काचवाल्या थोरल्यांना त्यांच्याच आरशाच्या तुकड्याने मारलं. दुकानामागच्या खोलीत, जिथे काचा कापायचं लांब टेबल आहे, तिथे ते पडले होते. मारणाऱ्याने आधी त्यांना भिंतीला टेकवलेल्या माणसाएवढ्या आरशावर आदळलं. आरसा फुटला. मग खाली पडलेला एक लांब तुकडा उचलून त्याने गळ्यावर वार केला, आणि एकाने भागलं नाही म्हणून करत राहिला. पोलिसांच्या फोटोग्राफरला बाहेर जाऊन ओकारी झाली, यावरून काय ते समजा.

काचेच्या दुकानात काच फुटल्याचं कोणाला नवल नाही. त्यामुळे शेजारची शिंपीण मशीन थांबवून उठली ती बऱ्याच वेळाने, किंकाळी ऐकून. ती आत गेली तेव्हा थोरल्यांची लेक बापाचं डोकं मांडीवर घेऊन काचांमध्ये बसली होती. तिचे दोन्ही तळवे कापलेले होते. कपाटावर त्यांचं मांजर, भिंगरी, पाठीची कमान करून बसलं होतं आणि त्याची हनुवटी रक्ताने भिजली होती.

मी जनावरांची डॉक्टर. माझा खुनाशी संबंध यायचं कारण एकच. माझे धाकटे दीर पोलीस इन्स्पेक्टर आहेत, आणि एखादी केस घशाखाली उतरली नाही की ते माझ्या दवाखान्यात येऊन बसतात. या वेळी मात्र ते केस सुटली म्हणून आले होते. लेकीला आत टाकलं होतं.

खुनाच्या दिवशी सकाळी बापलेकीचं कडाक्याचं भांडण झालं होतं. लेक ओरडताना शिंपिणीने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, "तुमच्या दुकानाने एक जीव घेतलाय बाबा. तुमचा जाईल तेव्हा कळेल." हात कापलेले, कपडे रक्ताने माखलेले, आणि अटक झाल्यापासून तिने तोंडात मिठाची गुळणी धरलेली. केलं असंही म्हणत नव्हती, नाही केलं असंही म्हणत नव्हती.

"निर्दोष माणूस असा गप्प बसत नाही, वहिनी," भावजी म्हणाले.

"तुमच्या भावापुढे मी किती वेळा गप्प बसते," मी म्हटलं. "तेव्हा काय मी गुन्हेगार असते?"

ते हसले, पण आरोपपत्र सोमवारी दाखल होणार होतं आणि त्यात बदल करायचा त्यांचा विचार नव्हता. ती बाई जन्मभरासाठी आत जाणार हे त्यांच्या लेखी ठरलंच होतं.

शुक्रवारी सकाळी तिचा नवरा माझ्या दवाखान्यात आला. हातात टोपली, टोपलीवर टॉवेल. टोपली टेबलावर ठेवून तो म्हणाला, "हिला संपवून टाका, डॉक्टर."

२

टॉवेल काढला आणि मी मागे सरले. जनावरांच्या तोंडात नाक घालण्यात माझं आयुष्य गेलं आहे, तरीही.

भिंगरी टोपलीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. तोंडातून लाळेची तार लोंबत होती आणि ती पंजाने सारखी उजवा गाल खरवडत होती. घरचे तिला थोरल्यांचं शेपूट म्हणायचे, कारण ते जातील तिथे ती जायची. जावई म्हणाला की सासरे गेले त्या दिवसापासून ती काही खात नाही, लाळ गळते, घरभर घाण वास येतो. कोणी सहन करू शकत नाही. धाकटे काका, म्हणजे थोरल्यांचे भाऊ, म्हणतात की ती पिसाळली आहे, आजच्या आज निकाल लावा.

कोणाला चावली का, असं मी विचारलं. तो नाही म्हणाला. बायको कशी आहे, हेही विचारलं. त्याने मान खाली घातली आणि मला माहीत नाही म्हणाला. मला त्याचा राग आला. आठवडा झाला होता तिला आत टाकून.

मांजराच्या तोंडाला वास येतो तो उगाच येत नाही. लघवीसारखा उग्र असला तर मूत्रपिंडं गेलेली असतात. पिकून गेलेल्या फळासारखा गोडसर असला तर रक्तात साखर वाढलेली असते. म्हाताऱ्या मांजराच्या दातांवर कीटण चढतं, हिरड्या सुजतात आणि वास येतो. सगळ्यात जास्त मांजरं येतात ती याच दुखण्याची. कधी हाडाचा तुकडा टाळूला आडवा अडकतो, कधी जिभेच्या मुळाशी दोरा गुंडाळला जातो. पिसाळलेलं जनावरही लाळ गाळतं, पण ते असं शहाण्यासारखं गाल पुसत बसत नाही. आणि भिंगरीचा वास होता सडलेल्या मांसाचा.

तिला गुंगीचं औषध दिलं आणि ओठ उचलला. तरुण मांजर, दात पांढरेशुभ्र, हिरड्या गुलाबी. फक्त उजव्या बाजूचा वरचा सुळा अर्ध्यातून तुटलेला होता. तुटल्या जागी काळा ठिपका, म्हणजे आतली नस उघडी पडून कुजली होती. हिरडी दाबली तर पू आला. तुटलेली कड बोटाला लागली, इतकी ताजी होती.

जावयाला मी सांगितलं की मांजर संध्याकाळपर्यंत माझ्याकडे राहील. तो टोपली ठेवून निघून गेला, एकदाही मागे न बघता. मग मी भावजींना फोन लावला.

"तुमच्या आरोपीच्या हातावर चावल्याची खूण आहे का? आरपार बघा. मांजर हाताला चावलं की वरचे सुळे एका बाजूला आणि खालचे दुसऱ्या बाजूला रुततात."

"नाही. तळवे कापलेत, मागची बाजू साफ आहे. का?"

"मग तुम्ही चुकीचा माणूस धरलाय. खऱ्या माणसाच्या हातात माझ्या पेशंटचा दात आहे."

३

भावजींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मांजर कपाटावर उडी मारताना पडलं असेल, ते म्हणाले. मी म्हटलं, तोंडावर पडलेल्या मांजराची हनुवटी फुटते, जबडा सरकतो. हिचं तसलं काही झालं नव्हतं. एकच सुळा, आणि तोही बाहेरच्या बाजूला पिळवटून मोडलेला. ती काहीतरी घट्ट धरून होती आणि ते तिच्या तोंडातून हिसकलं गेलं. हाडाला लागून टोक मोडलं. ते टोक खोलीत पडलं असेल तर पोलिसांनी काचांच्या पोत्यांबरोबर ते केव्हाच उचललं होतं. नाहीतर ते अजून कोणाच्या तरी मांसात होतं.

"वहिनी, त्या घरात प्रत्येकाच्या हाताला पट्टी आहे," भावजी म्हणाले. "काचवाले आहेत ते."

ते खरं निघालं. दुपारी आम्ही दुकानात गेलो तेव्हा दुकानातच काम करणारा जावई, जुना मिस्त्री आणि धाकटे काका तिघेही समोर होते आणि तिघांच्याही हातांवर पट्ट्या होत्या. थोरले मेल्यानंतर उरलेल्या काचा उचलताना कापलं, असं जावई म्हणाला. त्याने मुकाट्याने पट्ट्या सोडल्या. तळव्यांवर बारीक चिरा होत्या आणि मागची कातडी कोरी होती.

दुकानाचा जुना मिस्त्री मात्र हात पुढे करेना. थोरल्यांच्या हाताखाली केस पांढरे झालेला माणूस, पण भावजींना बघून त्याची बोबडी वळली. भावजींनी त्याचं मनगट धरून पट्टी ओरबाडून काढली. अंगठा फुगून काळानिळा झाला होता आणि पट्टीला पू चिकटला होता. भावजींनी मला विचारलंसुद्धा नाही. मिस्त्रीच्या थोबाडीत अशी एक लगावली की तो कापायच्या टेबलावर आदळला, आणि मग त्याचा दुखरा अंगठा मुठीत धरून पिळला. दात कुठे आहे, का मारलंस, असं विचारत ते पिळत राहिले. म्हातारा गुरासारखा ओरडत होता.

मी मध्ये पडले. माझ्या हातात थोरल्यांची लाकडी मापपट्टी होती, ती भावजींच्या दंडावर हाणली तेव्हा कुठे त्यांनी सोडलं. घरात मी त्यांना जेवायला वाढते, पण त्या क्षणी मला त्यांची शिसारी आली. मिस्त्रीच्या अंगठ्याला एकाच बाजूला एकच चीर होती आणि तिच्यात काहीतरी चमकत होतं. मी चिमटा घालून काचेचं एक कुसळ काढलं. भावजी म्हणाले, दात आणखी आत असेल. त्यांनी मिस्त्रीला गाडीत कोंबलं. खुनाच्या वेळी तो कोणाच्या तरी खिडकीचं माप घ्यायला गेला होता आणि त्याला तिथे कोणी बघितलं नव्हतं, एवढं त्यांना पुरलं.

राहिले धाकटे काका. मृदू बोलणारे, नीटनेटके गृहस्थ. त्यांच्या उजव्या हाताला मनगटापासून बोटांपर्यंत जाड पट्टी होती. आत टाके होते आणि डॉक्टरांनी उघडू नका म्हणून बजावलं होतं. भावजींनी ती जखम खुनाच्या दिवशीच बघितली होती. हाताच्या पाठीवर करंगळीच्या बुंध्यापासून मनगटापर्यंत सरळ, लांब, खोल चीर. आणि ती कुठे झाली याला साक्षीदारही होता. थोरले मेले त्या दुपारी काका पलीकडच्या रस्त्यावर नृत्याच्या क्लासचं काचेचं दार बसवत होते. काच फुटली, हात कापला, तिथल्या रखवालदाराने ते बघितलं. जावई त्या वेळी लाकडाच्या वखारीत होता असं तो म्हणत होता, पण वखारवाल्याला नक्की आठवत नव्हतं. म्हणजे पक्का पुरावा असलेले एकटे काकाच होते.

निघताना काकांनी मला दाराशी गाठलं. आवाज अगदी खाली आणून त्यांनी विचारलं, "मांजर पिसाळलेलंच आहे ना हो? म्हणजे तपासणीत कळतं का तसं? खात्रीने?"

४

भावजींना मी त्या नृत्याच्या क्लासकडे गाडी वळवायला लावली. मिस्त्री मागच्या सीटवर कण्हत होता. भावजी दंडावर उठलेला वळ चोळत होते.

क्लास बंद होता. दाराच्या जागी प्लायवुड ठोकलं होतं आणि कोपऱ्यात एका बादलीत फुटलेल्या काचेचा चुरा भरून ठेवला होता. रखवालदार भरभरून बोलणारा निघाला. आधीच्या दाराने क्लासच्या बाईंचा जीव घेतला, तेव्हापासून शिकायला कोणी येत नाही, असं तो म्हणाला. मुलींना पाठमोऱ्या गिरक्या दाखवताना बाईंचा पाय घसरला आणि त्या दारावर गेल्या. दार फुटलं. त्याने आपला अख्खा कोपरापासूनचा हात दाखवला. एवढा तुकडा त्यांच्या मानेत घुसला होता, आणि मुलींसमोर त्या तिथेच तडफडून गेल्या.

"आणि हे नवं दार फुटलं तेव्हा तुम्ही काय बघितलं?" मी विचारलं.

"आवाज ऐकला न् धावत आलो. काचवाले काका इथं उभे, खाली सगळा चुरा. हाताला फडकं गुंडाळलेलं आणि त्याच्यातनं रक्त टपकत होतं. मी म्हटलं, चला डॉक्टरकडे."

भावजींनी माझ्याकडे विजयी मुद्रेने बघितलं. मी बादलीजवळ बसले आणि त्यातला मूठभर चुरा उचलला. मटारएवढे बोथट दाणे. ते मी दोन्ही तळव्यांत घेऊन कणीक मळावी तसे चोळले. भावजी ओरडले, पण मी हात उघडून दाखवले तर दोन-चार ओरखडे होते, बाकी काही नाही.

माझ्या दवाखान्याला पूर्वी असंच दार होतं. एक दांडगा कुत्रा इंजेक्शनला घाबरून त्या दारातून आरपार पळाला. दाराचा चुरा झाला आणि कुत्र्याला खरचटलंसुद्धा नाही. टफन काच म्हणतात ती हीच. भट्टीत तापवून कडक करतात. फुटली तर तिचे दाणेच होतात, तुकडे होत नाहीत.

"भावजी, या काचेने करंगळीपासून मनगटापर्यंत सरळ चीर पडेल का?"

त्यांनी वाकून दोन दाणे बोटांत दाबून बघितले.

"आणि काच फुटल्याचा आवाज ऐकून हा माणूस धावत आला. तेवढ्यात काकांनी हात कापून, फडकं शोधून गुंडाळलं आणि ते भिजून टपकायलाही लागलं?"

भावजींनी गाडीकडे बघितलं. मिस्त्री आपला अंगठा छातीशी धरून बसला होता.

मला एकच गोष्ट कळत नव्हती. थोरल्यांना मारायचं कशाला? भावाभावांत कधी वाकडं नव्हतं, हे सगळे सांगत होते. मग मी पुन्हा त्या बादलीकडे बघितलं. हे दार दाण्यांचं झालं. बाईंच्या मानेत घुसला तो हाताएवढा तुकडा होता.

"आधीच्या दाराला साधी काच होती," मी म्हटलं. "भांडण कशाचं होतं ते ओळखा आता. दुकानाने एक जीव घेतलाय, असं ती म्हणाली ना?"

५

संध्याकाळी भावजींनी सगळ्यांना माझ्या दवाखान्यात आणलं. मांजराचं काय करायचं ते ठरवायचं आहे, एवढंच सांगितलं. मिस्त्री स्टुलावर बसला, त्याच्या अंगठ्याला मी स्वतः पट्टी बांधली होती. जावई भिंतीला टेकून उभा. काका औषधांच्या काचेच्या कपाटाजवळ, पट्टी बांधलेला हात दुसऱ्या हाताने तोललेला. भिंगरी पिंजऱ्यात झोपली होती आणि तिचा वास खोलीभर होता.

"मांजर पिसाळलेलं नाही," मी म्हटलं.

जावयाने नुसतं बघितलं. मिस्त्रीने मान हलवली, त्याला मेलेल्या धन्याचं मांजर जगलं याचा आनंद झाला. काकांचे खांदे मात्र एकदम खाली आले आणि त्यांनी डोळे मिटून श्वास सोडला. इतका वेळ तो कोंडून धरलेला होता हे तेव्हा कळलं.

"काका, तुम्हाला चावलेलं नसताना एवढी काळजी?" मी विचारलं.

त्यांनी डोळे उघडले. मी थांबले नाही. भिंगरीचा सुळा कसा मोडला ते सांगितलं. मांजरं धन्यासाठी लढत नाहीत, हेही सांगितलं. ती बिचारी घाबरून पळत होती. खिडकीतून रक्ताने माखलेलं मांजर रस्त्यावर पडलं असतं तर लोक धावून आले असते, म्हणून कोणीतरी तिला झेपेत पकडलं आणि ती हाताला लटकली. मग त्या माणसाने तिला झटकलं आणि चाव्याच्या खुणा दिसू नयेत म्हणून आरशाच्या तुकड्याने त्यांच्यावरूनच आपला हात उभा चिरला. काचवाल्याच्या हातावर कापलेलं कोण बघतो? तळव्याकडच्या बारीक खुणा काचेच्या ओरखड्यांत खपून गेल्या. फडकं गुंडाळून तो मागच्या दाराने क्लासवर गेला आणि हाताला कारण हवं म्हणून नवं कोरं दार फोडलं.

"फक्त एक घोळ झाला," मी म्हटलं. "त्या दाराला या वेळी तुम्ही खरी टफन काच आणली होती. साधी बसवायची हिंमत नव्हती. आधीच्या वेळी बसवलीत तशी. साधी असती तर तुमची गोष्ट आम्ही मान्य केली असती."

भावजी त्यांच्याकडे निघाले. काकांनी मागे न बघता डाव्या कोपराने कपाटाची काच फोडली. एकच टोला, योग्य जागी. त्यांना हवा तसा पात्यासारखा तुकडा सुटून त्यांच्या हातात आला. आयुष्यभर काच हाताळलेल्या माणसाला त्यात काही विशेष नव्हतं. दुसऱ्या क्षणी तो माझ्या कानाखाली टेकला होता आणि त्यांचा पट्टीचा हात माझ्या तोंडावर होता.

मला तो वास आला. पट्टीतून, टाक्यांतून, थेट नाकात. भिंगरीच्या तोंडाचाच वास. टाके घालून वरून बंद केलेली जखम आत सडत होती.

काच कातडीत रुतली. रक्त गळ्यावरून खाली उतरताना मला कळलं. भावजी जागच्या जागी थिजले होते. मला मरायची भीती वाटली, आणि त्याहून जास्त संताप आला. मी तोंडावरचा हात पट्टीसकट दातांत धरला आणि सगळा जोर लावून चावले.

काकांनी जी किंकाळी फोडली ती रस्त्यापलीकडे ऐकू गेली म्हणतात. टाके उसवले आणि पू माझ्या हनुवटीवरून वाहिला. तुकडा त्यांच्या हातातून पडला. मिस्त्रीने स्टूल उचलून त्यांच्या गुडघ्यांवर घातलं. ते कोसळले तसे भावजी त्यांच्या पाठीवर बसले आणि त्यांचं तोंड फरशीवर दोनदा आपटलं. या वेळी मी त्यांना अडवलं नाही. मी बेसिनपाशी उभी राहून चुळा भरत होते.

काका फरशीवर रडत बोलले. क्लासच्या दाराचं माप त्यांनीच चुकवलं होतं. मागवलेली टफन काच बोटभर मोठी आली. ती कापता येत नाही, कापायला गेलं की फुटते, पुन्हा करून मागवावी लागते. थोरले त्यांना लहानपणापासून मापावरून सगळ्यांसमोर हसायचे. पुन्हा हसू नयेत म्हणून त्यांनी साधी काच कापून दिली. त्या सकाळच्या भांडणात थोरल्यांना लेकीकडून बाईंच्या मानेतल्या तुकड्याचं कळलं, काच साधी होती हे ते समजले आणि त्यांनी भावाला विचारलं. मग ते म्हणाले, चल, त्या बाईंच्या आईकडे जाऊ आणि सांगू.

"मी म्हटलं नको, दादा. ते हसले," काका म्हणाले. "माप घेता येत नाही तर निदान खरं बोल, म्हणाले. तेव्हा मी ढकललं."

६

त्याच रात्री हॉस्पिटलात काकांच्या हातातून सुळ्याचं टोक निघालं. दोन हाडांच्या मध्ये बसलं होतं. भावजींनी ते मला बाटलीत घालून आणून दाखवलं आणि मिस्त्रीची माफी मागायला काय घेऊन जावं ते विचारलं. मी म्हटलं, आधी तुमचं तोंड घेऊन जा.

लेक दुसऱ्या दिवशी सुटली ती तडक माझ्याकडे आली. भिंगरीचा उरलेला सुळा मी काढून टाकला होता. वास गेला होता आणि ती वाटीतलं चाटत होती. लेक पिंजऱ्यापुढे बसली आणि मांजराच्या कपाळावर पट्टीचा तळवा ठेवून कितीतरी वेळ रडली. गप्प का बसलीस, असं मी तिला विचारलं. तेवढ्यात तिचा नवरा दारात आला.

तो आत यायला धजत नव्हता. घरी चल, एवढंच म्हणाला.

ती डोळे पुसून उठली. "क्लासचं आधीचं दार कोणी बसवलं होतं?" तिने विचारलं.

"मी. काकांनी काच दिली, मी बसवली. मला काय माहीत ती साधी होती?"

"मला तरी कुठे माहीत होतं की तुला माहीत नव्हतं. बाबा तुलाच विचारायला गेले असं मी धरून चालले. मी खोलीत आले, बाबांना बघितलं आणि मला वाटलं, तूच." तिचा आवाज चढला नाही. "म्हणून मी बोलले नाही. पोलिसांनी केस धरून भिंतीवर आपटलं तरी नाही बोलले. मी तोंड उघडलं असतं तर ते तुझ्याकडे आले असते."

तिला सोडायला आलेले भावजी माझ्या मागे उभे होते. ते बाहेर निघून गेले.

"आणि तुला वाटलं, मी केलं," ती नवऱ्याला म्हणाली. "वाटू दे. मलाही तुझ्याबद्दल तेच वाटलं होतं. पण आठवडाभर मी तिथे होते. तू एकदा तरी आलास?"

तो काहीतरी बोलेल म्हणून ती खरंच थांबली होती, हे मी बघितलं. मग तिने टोपली उचलली, मला नमस्कार केला आणि त्याच्या बाजूने बाहेर पडली. त्याला बाजूला सरावं लागलं.